नात्याचा रकाना

शस्त्रक्रियेआधी रुग्णालयात जे संमतीपत्र भरून घेतात, त्यात एक रकाना हमखास असतो : ‘रुग्णाशी नातं’. पती, पत्नी, मुलगा, भाऊ, मेहुणा, चुलता, काहीही लिहिलं की खिडकीपलीकडचा माणूस मान वर न करता कागद पुढे सरकवतो. आता समजा, नाशिकच्या इंदिरानगरात बारा वर्षं एका घरात राहणाऱ्या दोन पुरुषांपैकी एकाच्या छातीत मध्यरात्री कळ आली आणि दुसऱ्याने त्याला रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. घराचे हप्ते दोघांनी मिळून फेडलेत, एकमेकांच्या आईवडिलांची दुखणीखुपणी काढलीत. त्यांचं असं एकत्र असणं 6 सप्टेंबर 2018पासून गुन्हा नाही. तरी त्या रकान्यात दुसऱ्याने लिहायचं काय? ‘मित्र’ लिहिलं, तर लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘घरचं कोणी आहे का?’

सर्वोच्च न्यायालय म्हणतं, गुन्हा नाही. वैद्यकशास्त्र म्हणतं, आजार नाही. मोहिनी, शिखंडी, बृहन्नडा यांच्या कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतात, त्यामुळे स्त्री-पुरुषांच्या चौकटी ओलांडणारी माणसं ही कल्पनाही आपल्याला नवखी नाही. मग अडतं कुठे? ‘धर्म आडवा येतो’ हे उत्तर अपुरं आहे आणि ‘लोक मागासलेले आहेत’ हे उत्तर आळशी आहे. माझं म्हणणं असं, की आपल्या समाजात माणसाला मान्यता मिळते ती नात्यातून. ‘तू कोण?’ याच्या आधी ‘तू कोणाचा कोण?’ हे विचारलं जातं. समलिंगी माणसाला असण्याची जागा आपण हळूहळू देऊ लागलो आहोत; नात्यातली जागा दिलेली नाही, आणि ती मिळत नाही तोवर पहिली जागाही कच्चीच राहते.

गडावर मान, घरात मौन

या गोष्टीचा एक पुरावा नाशिककरांच्या डोळ्यांसमोर दरवर्षी उभा राहतो. कोजागरी पौर्णिमेला वणीच्या सप्तशृंगी गडावर राज्याच्या कानाकोपऱ्यांतून तृतीयपंथी भक्त येतात. कपाळभर मळवट, हातात हिरवा चुडा, डोक्यावर देवी. छबिना निघतो आणि गर्दी आपोआप बाजूला होऊन वाट देते. आयाबाया त्यांच्या पाया पडतात, कडेवरच्या लेकराच्या डोक्यावर त्यांचा हात ठेवून घेतात. जो समाज हे करतो, त्याला ‘वेगळेपण’ मुळातच सहन होत नाही असं म्हणता येणार नाही. आणि तरीही त्याच गर्दीतल्या एखाद्या घरात मुलाने सांगितलं, की मला मुली आवडत नाहीत, माझं एका मुलावर प्रेम आहे, तर त्या घरात आठ-आठ दिवस चूल पेटत नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून घ्यायला हव्यात, कारण बोलताना त्यांची सर्रास गल्लत होते. माणूस स्वतःला आतून काय मानतो, स्त्री, पुरुष की आणखी काही, ही झाली लिंगओळख. त्याचं मन कोणाकडे ओढलं जातं, हा झाला लैंगिक कल. आपण कोणत्या गावचे आणि आपली ओढ कोणत्या गावाकडे, हे जसे दोन निराळे प्रश्न, तसंच हे. समलिंगी पुरुष स्वतःला पुरुषच मानतो, समलिंगी स्त्री स्वतःला स्त्रीच मानते. फरक एवढाच, की त्यांचं प्रेम आपल्याच लिंगाच्या माणसावर जडतं. तृतीयपंथी व्यक्तीच्या बाबतीत प्रश्न आधी ओळखीचा असतो. कायद्यानेही हे दोन प्रश्न निरनिराळ्या वाटांनी हाताळले आहेत. तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014ला मान्य केला. त्याच्या चारच महिने आधी त्याच न्यायालयाने समलिंगी संबंध पुन्हा गुन्हा ठरवले होते.

गडावरचा मान कोणत्या अटीवर मिळतो, ते पाहिलं की बराच उलगडा होतो. तृतीयपंथी व्यक्ती बहुधा घर सोडते, गुरूकडे जाते, तिथे गुरू-चेला ही नवी नातीगोती तयार होतात. बारसं असो की लग्न, ती दारात येते, आशीर्वाद देते, आणि दारातूनच परत जाते. तिची जागा उंबऱ्याबाहेर ठरलेली आहे. तिथे तिला मान आहे, भीतीही आहे. शिक्षण, नोकरी आणि भाड्याची खोली मिळवताना मात्र तिचे किती हाल होतात ते वेगळं सांगायला नको. समलिंगी मुलगा किंवा मुलगी उंबऱ्याच्या आतच राहते. त्याच घरात जेवते, त्याच आडनावाने शाळेत जाते, आणि पंचविशीत आली की तिच्यासाठी स्थळं येऊ लागतात. परंपरेने उंबऱ्याबाहेर वेगळी जागा राखून ठेवली, पण घराच्या आत वेगळ्या नात्याला जागा केली नाही. म्हणून गडावर हात जोडणारे आपण घरात गप्प होतो.

ग्रंथांचा कौल

या वादात दोन्ही बाजू ग्रंथ पुढे करतात. एक बाजू म्हणते, प्राचीन भारतात सगळं मान्य होतं, इंग्रजांनी बिघडवलं. दुसरी म्हणते, आपल्या संस्कृतीत हे कधीच नव्हतं, ते पश्चिमेकडून आलं. दोन्ही दावे ग्रंथ उघडून पाहिले तर टिकत नाहीत. वात्स्यायनाच्या कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’चा उल्लेख आहे आणि पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांचं वर्णनही आहे. म्हणजे ‘नव्हतंच’ हे खोटं. मनुस्मृतीत द्विज पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवला तर अंगावरच्या वस्त्रांसह स्नान करावं असं प्रायश्चित्त आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी असं वर्तन जातिभ्रष्ट करणाऱ्या गोष्टींत मोजलं आहे. कुमारिकेने कुमारिकेशी संबंध ठेवला तर दंड आणि फटके सांगितले आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही दंड आहेच. म्हणजे ‘सगळं मान्य होतं’ हेही खरं नाही, आणि मनुस्मृतीत बायकांच्या वाट्याला शिक्षा अधिक कठोर होती हे लपवण्यात अर्थ नाही.

तरी या ग्रंथांतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. तिथे हा दोष आहे, त्यावर प्रायश्चित्त आहे, दंड आहे. माणसाला जन्मभर तुरुंगात डांबण्याइतका तो गंभीर मानलेला नाही. त्यासाठी कारावासाचा कायदा आला तो वेगळ्या वाटेने. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या काळात, 1533मध्ये, असा संबंध देहदंडाचा गुन्हा ठरला होता. तिथल्या ख्रिस्ती धर्मकल्पनांवर वाढलेला हा विचार मेकॉलेने सुरू केलेल्या भारतीय दंड संहितेच्या कामातून आपल्याकडे आला, 1860मध्ये संमत झाला आणि 1 जानेवारी 1862पासून कलम 377 म्हणून लागू झाला : ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधाला आजन्म कारावास किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. इंग्लंड आणि वेल्सने स्वतःपुरता हा गुन्हा 1967मध्ये काढून टाकला. आपण त्यानंतर 51 वर्षं तो सांभाळला, आणि मधल्या काळात तो आपलीच संस्कृती आहे असं समजू लागलो. पश्चिमेकडून आयात झालेलं काही असेल, तर ते हे कलम.

1934 : मुंबईतलं कोर्ट, नाशिकचं मंदिर

मराठी समाजापुढे हा विषय भर कोर्टात आला त्याला नव्वद वर्षं उलटून गेली. र. धों. कर्वे यांनी जुलै 1927मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक शंका यांवर ते उघडपणे लिहीत आणि वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत. अशाच काही उत्तरांवरून 1934मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, हा बचावाचा गाभा. खटला ते हरले, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला.

त्या वर्षाकडे नाशिकहून पाहायला हवं. दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी 2 मार्च 1930ला सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह तेव्हा संपलेला नव्हता. दादासाहेब गायकवाड नाशिकची आघाडी सांभाळत होते, आणि 13 ऑक्टोबर 1935ची येवल्याची धर्मांतराची घोषणा अजून व्हायची होती. मंदिराच्या बंद दारासाठी लढणारा नेता त्याच काळात एका संपादकाने वाचकाला उत्तर दिलं म्हणून त्याच्यासाठी कोर्टात उभा राहिला. हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही. समाज ज्यांच्याबद्दल बोलायलाही तयार नाही, त्यांच्या बाजूने आधी बोलण्याचा हक्क मिळवावा लागतो.

दोन्ही लढे सारखेच आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. जातीचा अन्याय शतकानुशतकांचा, जमीन, श्रम आणि पाणी यांच्याशी बांधलेला. त्याची तुलना सहज करू नये. पण फरकाचा एक धागा आपल्या विषयावर लख्ख प्रकाश टाकतो. काळारामाच्या दारात उभा राहिलेला सत्याग्रही संध्याकाळी घरी परतला, की ते घर त्याच्या बाजूचं होतं. त्याची आई, त्याचा बाप, त्याची वस्ती तोच अपमान सोसत होती. समलिंगी मुलाला बंद सापडणारं पहिलं दार त्याच्या स्वतःच्या घराचं असतं. त्याच्या आईवडिलांनी हे कधी अनुभवलेलं नसतं, त्यामुळे घरात शिकवायला कोणी नाही, आधार द्यायला शब्द नाहीत. मराठीत हे शब्द हळूहळू जमवावे लागले : विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक, अशोक राव कवी यांनी 1990मध्ये सुरू केलेलं ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक, पुण्यात 2002पासून काम करणारी बिंदुमाधव खिरे यांची समपथिक ट्रस्ट, सचिन कुंडलकरांची 2006ची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ ही कादंबरी. यांतलं एकेक नाव म्हणजे कोणाला तरी मिळालेलं ‘मी एकटा नाही’ हे उत्तर आहे.

कडी निघाली, उताऱ्यावर नाव नाही

2 जुलै 2009ला दिल्ली उच्च न्यायालयाने, मूळचे सोलापूरचे न्यायमूर्ती अजित शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांच्या खंडपीठाने, सज्ञान व्यक्तींच्या खासगी आणि संमतीच्या संबंधांना 377मधून बाहेर काढलं. 11 डिसेंबर 2013ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कारणं देताना न्यायालयाने म्हटलं, की अशा व्यक्ती अगदीच थोड्या आहेत आणि दीडशे वर्षांत खटलेही दोनशेच्या आतच झाले आहेत. हा युक्तिवाद आजही अनेकांना पटतो, म्हणून त्याला उत्तर दिलं पाहिजे. शेताच्या कुंपणात कोणी वीज सोडली, तर त्या तारेला चिकटून किती जण गेले एवढंच मोजून भागत नाही. त्या तारेच्या भीतीने किती जणांनी वाट सोडली, हेही मोजावं लागतं. कलम 377चा खरा वापर कोर्टात कमी आणि कोर्टाबाहेर जास्त होता : धमकावून पैसे उकळायला, ब्लॅकमेल करायला, तक्रार घेऊन आलेल्यालाच गप्प बसवायला. आणि माणसं थोडी आहेत म्हणून हक्क नाही, असं म्हणायचं तर मूलभूत हक्कांची गरजच उरत नाही; बहुमतवाल्यांना कायदेमंडळ असतंच.

पुढे 24 ऑगस्ट 2017ला नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि लैंगिक कल हा त्याच्या गाभ्याचा भाग असल्याचं म्हटलं. तिथेच 2013च्या निकालाचा पाया खचला. 6 सप्टेंबर 2018ला पाच न्यायाधीशांनी एकमताने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून मुक्त केलं.

इथे बहुतेकांना वाटतं, की प्रश्न संपला. तो का संपला नाही, हे कळायला सातबाऱ्याइतकं चांगलं उदाहरण नाही. निफाडला एखादा माणूस तीस वर्षं एका मळ्यात राबतो, द्राक्षाच्या छाटण्या करतो, विहिरीवर निजतो. त्याने घुसखोरी केली असं कोणी म्हणत नाही, पोलीस त्याला हटकत नाहीत. पण मालक वारला की तलाठ्याकडे वारसनोंद होते, फेरफार पडतो, आणि उताऱ्यावर नाव चढतं ते वारसांचं. घुसखोर नसणं वेगळं आणि उताऱ्यावर नाव असणं वेगळं. 2018च्या निकालाने समलिंगी जोडप्याला सांगितलं, की तुम्ही घुसखोर नाही. उताऱ्यावर त्यांचं नाव आजही नाही.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो, ते हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 उघडून पाहावं. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला, तर मालमत्ता आधी पत्नी, मुलं, आई या पहिल्या वर्गाच्या वारसांकडे जाते. ते नसतील तर वडील, भाऊ, बहिणी असा दुसरा वर्ग. तेही नसतील तर गोत्रज, म्हणजे पुरुषांकडून जोडलेले नातेवाईक. मग भिन्नगोत्रज. आणि कोणीच सापडलं नाही, तर सरकार. बारा वर्षं सोबत राहिलेला जोडीदार या रांगेत कुठेही नाही. ज्याने कधी तोंड पाहिलं नाही असा लांबचा चुलत पुतण्या त्याच्या पुढे आहे, आणि सरकारही त्याच्या पुढे आहे. ‘मग मृत्युपत्र करावं’, असं कोणी म्हणेल. जरूर करावं, प्रत्येक जोडप्याने करावं. पण मृत्युपत्राला भाऊबंद आव्हान देऊ शकतात, त्याने कुटुंबनिवृत्तिवेतन मिळत नाही, आणि भविष्य निर्वाह निधीच्या नियमांत तर ज्याला कायद्याच्या व्याख्येतलं कुटुंब आहे त्याला कुटुंबाबाहेरचा नॉमिनी नेमता येत नाही. लग्न झालेल्यांना जे एका सहीने मिळतं, ते इथे दहा कागदांनीही पुरं मिळत नाही.

> चौकट : कायदा कुठवर आला
> 1862 – कलम 377 लागू.
> 2009 – दिल्ली उच्च न्यायालयाकडून संमतीच्या संबंधांना मुक्तता.
> 2013 – सर्वोच्च न्यायालयाकडून तो निकाल रद्द.
> 2018 – पाच न्यायाधीशांचा एकमताचा निकाल, गुन्हा नाही.
> 2023 – विवाहाचा मूलभूत हक्क नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल.
> 1 जुलै 2024 – भारतीय न्याय संहिता लागू; त्यात 377सारखं कलमच नाही. त्यामुळे पुरुषावर झालेल्या लैंगिक बळजबरीसाठी असलेलं कलमही गेलं. ही उणीव भरून काढायलाच हवी.

‘पण हे निसर्गाविरुद्ध आहे’

या आक्षेपाचं उत्तर डॉक्टरांनी कधीच दिलं आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने 1990मध्ये, आणि भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2018मध्ये हा आजार नसल्याचं जाहीरपणे सांगितलं. डावखुरेपणासारखंच हे आहे. थोड्या माणसांत आढळतं, निवडून येत नाही, आणि मुलाच्या हातावर पट्टी मारून ते बदलत नाही. फक्त मूल लिहायला घाबरू लागतं. ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं, त्याचं कारण हेच.

पण शास्त्राचं म्हणणं वर्गापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हेही पाहण्यासारखं आहे. राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांचा कारभार जिथून चालतो, ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये म्हसरूळला आहे. कौमार्याच्या तथाकथित ‘लक्षणां’चा अशास्त्रीय भाग 2019मध्ये याच विद्यापीठाने अभ्यासक्रमातून वगळला; तशी पावलं पडू शकतात हे त्यातून दिसलं. उलट, ऑगस्ट 2024च्या अखेरीस देशपातळीवरच्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात स्त्रियांमधले समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’च्या यादीत आले होते. म्हणजे कायद्यातून गुन्हा जाऊन सहा वर्षं होत आली, तरी न्यायवैद्यकाच्या पानावर तो परत आला. टीका झाल्यावर काही दिवसांतच तो अभ्यासक्रम मागे घेतला गेला. नाशिकच्या दवाखान्यात मध्यरात्री तो फॉर्म हातात घेणारा तरुण डॉक्टर कोणतं पान वाचून आलेला आहे, यावर त्या जोडप्याची रात्र कशी जाणार हे ठरतं.

नातं घडवता येतं

आता सगळ्यात मोठा आक्षेप. विवाह हा हिंदूंसाठी संस्कार आहे, वंश पुढे नेण्यासाठी आहे, तो कोर्टाने किंवा संसदेने बदलायचा नाही. यातली श्रद्धा प्रामाणिक आहे आणि तिची टिंगल करणं मला मान्य नाही. पण त्यातला ‘बदलत नाही’ हा भाग इतिहासाला धरून नाही. विधवाविवाह 1856पर्यंत कायद्याने ग्राह्य नव्हता. आंतरजातीय हिंदू विवाहांना देशभर कायद्याचं संरक्षण 1949मध्ये मिळालं. 1955च्या हिंदू विवाह कायद्याने देशभरातल्या हिंदूंना एकपत्नीत्व बंधनकारक केलं आणि घटस्फोट दिला. त्याआधी हिंदू कोड बिलावर संसदेत आणि रस्त्यावर जे रण माजलं, त्यात हेच शब्द होते : संस्कार मोडतोय, कुटुंब बुडतंय. आज त्या कायद्यालाच आपण हिंदूंचा विवाह कायदा म्हणतो. आणि वंशाचं म्हणाल, तर मूल होत नाही एवढ्या कारणाने तो कायदा लग्न मोडू देत नाही, साठीत लग्न करणाऱ्यांना अडवतही नाही.

नातं रक्तानेच बनतं असंही आपल्या परंपरेने कधी मानलेलं नाही, आणि त्याचा सर्वांत ठळक दाखला नाशिक जिल्ह्यातच आहे. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावात 1863मध्ये जन्मलेला गोपाळराव नावाचा शेतकऱ्याचा मुलगा बारा वर्षांचा असताना बडोद्याला नेला गेला. 27 मे 1875ला महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. एका विधीने आणि एका कागदाने आई बदलली, बाप बदलला, वारसा बदलला, आणि त्या नात्यावर कोणी ‘निसर्गाविरुद्ध’ असा शिक्का मारला नाही. गरज पडली तेव्हा हिंदू धर्मशास्त्राने नातं घडवलं आणि त्याला पूर्ण मान दिला. पुढे याच सयाजीरावांनी 1931मध्ये आपल्या संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, स्वतंत्र भारताच्या हिंदू विवाह कायद्याच्या 24 वर्षं आधी. आणि त्यांच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर 1913मध्ये कोलंबियाला गेले. तेव्हा कुटुंबाच्या कायद्यात नवं नातं घालणं ही परंपरेशी फारकत आहे, हे मला पटत नाही. दत्तकविधानात ते बळ आधीपासूनच आहे.

आजची कोंडी नेमकी कुठे आहे, हे जानेवारी 2023मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी दिलेल्या मुलाखतीतून नीट समजतं. अशी माणसं पूर्वीपासून आहेत, त्यांनाही जगण्याचा हक्क आहे, असं सांगताना त्यांनी जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांचा दाखला दिला. त्यानंतर दोनच महिन्यांत संघाने विवाहाला मात्र विरोध जाहीर केला, आणि पती, पत्नी आणि त्यांची मुलं हीच भारतीय कुटुंबाची कल्पना आहे, असं केंद्र सरकारने न्यायालयात मांडलं. असायला हरकत नाही, नात्यात यायला आहे. 17 ऑक्टोबर 2023च्या निकालातही तीच रेघ दिसते. पाचही न्यायाधीशांनी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल या दोघांना अशा जोडप्यांच्या नात्याला कायद्याने मान्यता मिळायला हवी होती, बाकीच्या तिघांनी ते संसदेवर सोडलं. संसदेचं म्हणाल, तर 377 सौम्य करणारं शशी थरूर यांचं खासगी विधेयक डिसेंबर 2015मध्ये मांडूसुद्धा दिलं गेलं नव्हतं. 2022मध्ये सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायदा बदलण्यासाठी मांडलेलं विधेयक कायद्यापर्यंत पोहोचलं नाही.

‘समाज अजून तयार नाही’ असं म्हणताना आकडे पाहिले जात नाहीत. प्यू रिसर्च सेंटरच्या 2023च्या पाहणीत भारतातल्या 53 टक्के लोकांनी समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता असावी असं सांगितलं, 43 टक्क्यांनी विरोध केला. मी या आकड्याने हुरळून जाणार नाही. कायदा असावा म्हणणं आणि आपल्या मुलाच्या जोडीदाराला दिवाळीला ओवाळणं यांत फार अंतर आहे. पण ‘सगळा समाज विरोधात आहे’ हे म्हणणं त्या आकड्याने खोटं पडतं.

नातं नाकारण्याची किंमत फक्त समलिंगी माणूस मोजत नाही, आणि हे पुरेसं बोललं जात नाही. ‘एकदा लग्न लावून दिलं की ताळ्यावर येईल’ म्हणून ज्याचं लग्न लावलं जातं, त्याच्या समोर अंतरपाटापलीकडे एक मुलगी उभी असते. तिला काही सांगितलेलं नसतं. पुढची पाच-दहा वर्षं ती स्वतःतच खोट शोधत राहते, सासर तिच्याकडूनच नातवाची अपेक्षा करतं, माहेर समजूत काढून परत पाठवतं. कुटुंब वाचवायच्या नावाखाली दोन कुटुंबं अशी पोखरली जातात. मुलाचं खरं नातं मान्य असतं, तर त्या मुलीचं आयुष्य तिचं तिला मिळालं असतं.

2023च्या निकालानंतर कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि 2024मध्ये काही पत्रकं निघाली. शिधापत्रिकेसाठी समलिंगी जोडीदारांना एकाच घरातले धरावं, त्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला आडकाठी नाही, जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात देता यावा. मे 2025मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं, की कुटुंब बनण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नाही. या गोष्टी तुकड्यातुकड्यांनी येत आहेत, आणि मृतदेहाच्या बाबतीतही जोडीदाराचा नंबर नातेवाइकांनंतरच आहे.

शेजारी नेपाळमध्ये दहातल्या आठ माणसांचा धर्म हिंदू आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2023मध्ये सरकारला सांगितलं, की कायदा होईल तेव्हा होईल, तोवर अशा जोडप्यांची तात्पुरती नोंद करायला वेगळी वही ठेवा. 29 नोव्हेंबर 2023ला लमजुंग जिल्ह्यातल्या एका स्थानिक कार्यालयात पहिली नोंद झाली : एक पुरुष आणि एक पारलिंगी स्त्री, सरकारी कागदावर दोघंही पुरुष. ती नोंद वेगळ्या वहीतली आहे, वारसा आणि दत्तकाचे हक्क तिच्याबरोबर आपोआप येत नाहीत. पण त्या दोघांपैकी कोणाला मध्यरात्री दवाखान्यात न्यावं लागलं, तर दुसऱ्याच्या खिशात एक कागद असेल, आणि त्यावर त्यांच्या नात्याचं नाव असेल.